आहेर कापायचा नाही

आमच्या दुकानाची एक बदनामी होती आणि ती खरी होती, हे आधीच सांगून टाकते. लग्न वैशाखात लागायचं आणि त्याचा व्हिडिओ दिवाळीला मिळायचा. तोपर्यंत नवरीला दिवस गेलेले असायचे. लोक दारात येऊन बोंब मारायचे, अब्बा चहा मागवायचे, आणि चहा पिऊन लोक पुढची तारीख घेऊन निघून जायचे. भद्रावतीच्या बस स्टँडजवळच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत मी शाळेचा अभ्यास केला तो या बोंबा ऐकतच.

अब्बा आळशी नव्हते. तीस वर्षं त्यांनी खांद्यावर कॅमेरा घेऊन कोरपन्यापासून मूल गावापर्यंत लग्नं काढली. उशीर व्हायचा तो लांबीमुळं. शहरातले फोटोवाले तीन मिनिटांची गाणं लावलेली फिल्म करतात, नवरा-नवरी झाडाभोवती हळूहळू पळतात, झालं लग्न. आमच्या गावांकडं ते चालत नाही. इथं आहेर असतो. मांडवात माइकवर पुकारतात, अमक्याकडून साडी, तमक्याकडून पाणी भरायचा पितळेचा गुंड, आणि ज्याचं नाव पुकारलं तो पुढं येऊन नवरा-नवरीजवळ उभा राहतो. अशी दीडशे-दोनशे माणसं. त्यातलं एक जरी व्हिडिओत कापलं गेलं तर ते घर लग्नघराशी बोलणं सोडतं, आणि आम्हाला तर कधीच बोलावत नाही. अब्बांचा दुकानात एकच कायदा होता: आहेर कापायचा नाही. म्हणून आमचं लग्न सात तासांचं.

आणि तो व्हिडिओ घरातल्या घरात कोणी बघत नाही. एखादा रविवार ठरतो, दुपारी अंगणात टीव्ही मांडतात, चिवडा आणि चहा होतो, आहेर दिलेल्या सगळ्यांना निरोप जातो. प्रत्येक जण स्वतःचा नंबर येईपर्यंत बसून राहतो. तो आला की सगळे त्याला चिडवतात, मग तो उठून घरी जातो किंवा दुसऱ्यांना चिडवायला थांबतो. मला लहानपणापासून हा प्रकार भारी आवडतो.

पण सात तासांचं लग्न दाबून लहान करायला आमच्या जुन्या कॉम्प्युटरला बावीस तास लागायचे. मध्ये लाइट गेली की पहिल्यापासून. आमच्याकडं लाइट जातेच. उन्हाळ्यात तर पंख्यावर विश्वास ठेवून कोणी झोपत नाही.

शुगरनं अब्बांचे डोळे गेले. आधी डावा, मग उजवा. त्या वर्षी सहा लग्नांचं बोलणं झालेलं होतं. मी कॅमेरा उचलला. बाई कॅमेरा घेऊन वरातीपुढं उलटी चालते म्हणून लोक हसले, मी उलटी चालत राहिले. नातेवाइकांनी अम्मीचे कान भरले, अम्मीनं ऐकून घेतलं आणि मला डबा बांधून दिला. दोन सीझन मी एकटीनं काढले. उशीर मात्र तसाच राहिला, कारण कॉम्प्युटर तोच होता.

खोली बडे अब्बांची होती. बडे अब्बा म्हणजे अब्बांचे मोठे भाऊ, किराण्याचे व्यापारी, घरात त्यांचा शब्द शेवटचा. दुकान भावाचं होतं तोवर ते काही बोलले नाहीत. पोरीचं झाल्यावर त्यांना खोलीची आठवण यायला लागली. एक दिवस ते दुकानात आले तेव्हा नेमकं एक गिऱ्हाईक माझ्यावर ओरडत होतं. तो माणूस गेल्यावर बडे अब्बा खुर्ची ओढून बसले. ते घरात हिंदीच बोलतात, मी इथं मराठीत लिहिते.

"किती लग्नं बाकी आहेत?"

"अकरा."

"बकरी ईदपर्यंत अकराच्या अकरा लोकांच्या हातात गेली पाहिजेत. आणि एक तक्रार नको. एक जरी आली तर चाबी माझ्याकडं. नाही आली, तर दुकान तुझं, मी परत विषय काढणार नाही."

"शब्द?"

"माझ्या शब्दाला भद्रावतीत कोणी शब्द असं विचारत नाही," ते म्हणाले.

ईदला तीन आठवडे होते. अकरा गुणिले बावीस तास हा हिशोब मी बोटांवर केला: दहा दिवस-रात्र न थांबता, तेही एकदाही लाइट गेली नाही तर. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या भाऊंना बोलावलं. त्यांनी झाकण उघडून आत फुंकर मारली, धूळ माझ्याच तोंडावर उडाली.

"ताई, या डब्यात काई जान नाई. नवीन कार्ड घ्या, नाईतं नवीन डबाच घ्या."

"पैसे नाहीत."

"मंग बसा पाहत," असं म्हणून ते गेले.

बसा पाहत म्हणे! त्या रागात मी इंटरनेटवर वाचायला बसले. माझं इंग्रजी तुटकं आहे, पण कामापुरतं आहे. तिथं लोक सांगत होते की व्हिडिओ दाबायला एक फुकटची सॉफ्टवेअर मिळते, तिला बटणं नाहीत की चित्रं नाहीत. एक काळी खिडकी उघडते आणि त्यात हुकूम टाइप करायचा: ही फाइल घे, असं कर, तिथं ठेव. एक अक्षर चुकलं की ती लाल अक्षरात अपमान करते. पहिले दोन दिवस तिनं माझा इतका अपमान केला की घरचं कोणी तेवढं बोललं असतं तर मी जेवण सोडलं असतं. तिसऱ्या दिवशी मीही तिला उलट बोलायला शिकले.

त्याच वाचनात कळलं की आमच्या प्रोसेसरच्या पोटात एक वेगळी छोटी चिप असते. तिला दुसरं काही येत नाही, फक्त व्हिडिओ उलगडणं आणि दाबणं येतं, पण ते काम ती झपाट्यानं करते. आमची जुनी एडिटिंगची सॉफ्टवेअर तिला कधी हाकच मारत नव्हती, सगळं ओझं मुख्य प्रोसेसरच्या डोक्यावर. काळ्या खिडकीत तिचं नाव घालून हुकूम दिला, तर उत्तर आलं की अशी कोणतीही चिप सापडत नाही. मला ते खरं वाटेना. मी कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला, सुरू होताना बटण दाबून आतल्या सेटिंगमध्ये गेले आणि एकेक ओळ वाचत उतरले. एका ओळीत ती होती, आणि तिच्यापुढं 'बंद' लिहिलेलं होतं. कोणीतरी कधीकाळी पडद्यासाठी जुनं कार्ड लावताना तिला बंद करून ठेवली होती. सात वर्षं आम्ही तिच्या शेजारी बसून लोकांच्या शिव्या खाल्ल्या!

मी ती चालू केली. काळ्या खिडकीत खाली वेगाचा आकडा दिसतो. एक म्हणजे एका तासात एक तासाचं काम. चिपशिवाय, साध्या पद्धतीनं, तिथं शून्य पॉइंट सहा यायचं, जुन्या सॉफ्टवेअरचा वेग तर त्याच्याही निम्मा. आता चार आलं. मी खुर्चीवरून उठून दाराशी गेले, परत आले, तरी चारच. सात तासांचं लग्न पावणेदोन तासांत. मी अब्बांना फोन करून ओरडले आणि ते पलीकडून "काय फुटलं?" असं विचारत राहिले.

आता माझी चूक सांगते, कारण ती माझीच होती. सात तास एका सोळा जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये बसवायचे होते. व्हिडिओ दाबायच्या दोन पद्धती चालतात, जुनी दोनशे चौसष्ट आणि नवी दोनशे पासष्ट. नवीत फाइल जवळजवळ अर्धी होते. ही चिप दोन्ही जाणत होती. मी नवी निवडली, एका आठवड्यात अकरा लग्नं संपवली, दुकानातल्या टीव्हीवर आणि माझ्या मोबाइलवर लावून पाहिली. छान चालली. पोचवून दिली. ज्या घरांत ती चालणार होती तिथले टीव्ही किती जुने आहेत आणि त्यांना ही नवी पद्धत वाचता येते का, हे माझ्या मनातही आलं नाही. दहा घरांचं नशीब चांगलं होतं.

अकरावं लग्न कोरपन्याजवळच्या एका कापूसवाल्या गावातलं. ईदच्या आदल्या रविवारी सकाळी साडेसातला नवरीच्या बापाचा फोन आला. बडे अब्बा दुकानातच बसलेले होते, हातात चहाचा कप, आणि माझा फोन स्पीकरवर.

"बाई, टीव्ही लावून पाह्यला मी. माइकवर नावं बरोबर ऐकू येऊन राह्यली, पन मानूस एकबी दिसून नाई राह्यला. समदा काळा पडदा हाये. दोन वाजता लोक येनार हायेत जी, सत्तर-ऐंशी जन. मी त्यायले का सांगू?"

"भाऊ, मी येते. दोनच्या आधी येते."

फोन ठेवला तर बडे अब्बांचा तळहात माझ्यापुढं.

"चाबी दे."

"तक्रार अजून संपलेली नाही. संध्याकाळी तोच माणूस स्वतःच्या तोंडानं म्हणाला की तक्रार आहे, तर चाबी घ्या."

"तू जाऊन काय करणार?"

"ते तुम्ही सोबत येऊन बघा ना!"

मला वाटलं नव्हतं ते येतील. पण ते व्यापारी माणूस, माल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सौदा सोडत नाहीत. नुसता नवा पेन ड्राइव्ह करून नेला आणि तोही चालला नाही तर संपलंच असतं, म्हणून मी अख्खा डबाच उचलला. मूळ शूटिंगची डिस्क त्यातच होती. चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला. चंद्रपूरपर्यंत एक एसटी, तिथून राजुरा-गडचांदूर करत दुसरी. सिमेंटच्या ट्रकांमागं गाडी सरकत होती आणि कंडक्टर विचारत होता, "बाई, यात का हाये?" मी म्हटलं, "लग्न हाये." बडे अब्बांनी खिडकीकडं तोंड फिरवलं.

साडेबाराला पोचलो. अंगणात मांडव घातलेला, बत्तीस इंची टीव्ही टेबलावर, ऊन असं की पायाखालची माती चटका देत होती. नवरीचा बाप पंचा खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत होता. त्यानं मला पाणी दिलं आणि एकदाही आवाज चढवला नाही, त्यानं मला जास्त लाज वाटली. मी डबा टीव्हीला जोडला, म्हणजे टीव्हीच माझा पडदा झाला. काळी खिडकी उघडली.

नवरीचा बाप म्हणाला, "बाई, या डब्यातूनच लावून देल्लं तं?"

"आज दिसेल भाऊ. उद्या डबा माझ्यासोबत जाईल, मग तुमची पोरगी माहेरी आली की काय पाहील?"

"हे बी बरोबर," तो म्हणाला.

अख्खं लग्न करून बघण्यात वेळ घालवायचा नव्हता. मी आहेरातलं एकच मिनिट वेगळं काढलं, चिपला सांगितलं, जुन्या पद्धतीनं दाब. दहा सेकंदांत झालं. पेन ड्राइव्ह टीव्हीत लावला. चित्र आलं! पण माणसं अडखळत होती, हात उचलला की मध्येच थांबायचा आणि आवाज पुढं निघून जायचा. आमचा कॅमेरा सेकंदाला पन्नास चित्रं काढतो, त्या टीव्हीला तेवढी झेपत नव्हती. मी पंचवीस केली. परत लावलं. आता सगळं सुरळीत चाललं.

"चल रहा है ना?" बडे अब्बा लगेच म्हणाले. "बस. आता सगळं असंच करून दे आणि चल. परतीची गाडी पावणेपाचला आहे."

मीही तेच करणार होते. पण ओसरीवर नवरीच्या बापाची आत्या बसली होती, सत्तरीच्या पुढची, तांदूळ निवडत. ती सूप बाजूला ठेवून उठली, टीव्हीच्या अगदी जवळ गेली, पदरानं काच पुसली.

"हे कोन होय?"

"तूच ना आत्या," नवरीचा बाप म्हणाला. "गुंड देऊन राह्यली पाह्य. माइकवर तुयंच नाव घेतलं."

"नाव मायं हाये. थोबाड मायं नाई. हे तं चौकट्या-चौकट्या दिसून राह्यल्या."

मी पुढं जाऊन पाहिलं आणि म्हातारीचं बरोबर होतं. जुन्या पद्धतीत सोळा जीबीत सात तास कोंबायचे म्हणजे प्रत्येक मिनिटाच्या वाट्याला थोडी जागा येते. थोड्या जागेत चिप घाई करते. मोकळ्या भिंतीवर ते कळत नाही, पण मांडवातली झालर, हॅलोजनचा उजेड, मागं हलणारी गर्दी, यात तिनं चेहऱ्यावरच काटकसर केली होती. दुसरा पेन ड्राइव्ह आणायचं सकाळच्या गडबडीत सुचलं नव्हतं. कोरपन्याला जाऊन आणते म्हटलं तर वेळ जातो.

बडे अब्बांनी तोड काढली. मोठ्यानं, भर अंगणात.

"अरे, आहेर थोडा कापून टाक ना! दोन तास साड्या कोण पाहतं?"

बाया चिवड्याचं काम करत होत्या, त्यांचे हात थांबले. नवरीच्या बापानं पंचा झटकून परत खांद्यावर टाकला. आत्याबाई बोलल्या. "मी पायी आली होती लग्नाले. गुंड डोक्शावर घेऊन आली. मले कापतेस का माय?"

"नाही आत्याबाई," मी म्हटलं. "तुम्हाला कोणी कापत नाही. ज्याला कापायचं असेल त्यानं आधी मला कापावं." हे शेवटचं मी बडे अब्बांकडं बघून म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघून बोलले.

मग मी जमिनीवर बसले आणि लग्नाचे दोन भाग केले. हळद, वरात, बँड, जेवणाच्या पंगती हे सगळं चिपकडं दिलं, तेही कमी जागेत. बँडवाल्याच्या गालावर चौकट्या दिसल्या तर बँडवाला रुसत नाही. त्यातून वाचलेली सगळी जागा मी आहेराला दिली. आणि आहेरासाठी चिपला बाजूला बसवलं. तो साध्या पद्धतीनं, मुख्य प्रोसेसरकडून, सावकाश करायचा ठरवला. प्रोसेसर हळू चालतो, पण एकेक चेहरा नीट बघून जागा वाटतो. चित्रं पंचविसावर आणल्यानं त्याचंही काम निम्मं झालं होतं, दोन तासांत होणार होतं. इतके दिवस मी वेगासाठी भांडले होते. त्या दुपारी मीच वेग नको म्हटलं, आणि बडे अब्बांना वाटलं माझं डोकं फिरलं आहे.

"गाडी जाईल," ते म्हणाले.

"जाऊ द्या. तुम्ही त्या गाडीनं जा. मी उद्या येईन."

ते गेले नाहीत. मांडवाच्या खांबाला टेकून बसले आणि दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत राहिले.

चिपचं काम पाऊण तासात संपलं. मी ते भाग पेन ड्राइव्हवर टाकले, आहेर लावून दिला, आणि टीव्ही लोकांना मोकळा करून दिला. दोन वाजून गेलेले, अंगण भरलेलं. हळद सुरू झाली, चिडवाचिडवी सुरू झाली. डबा कोपऱ्यात घोंघावत होता, त्याला आता पडदा नव्हता, किती झालं हे मला दिसत नव्हतं. मी घड्याळावरून अंदाज करत बसले. वरात नाचत होती आणि साडेतीनला लाइट गेली.

"आता माय!" ऐंशी माणसं एकदम म्हणाली.

बडे अब्बा उठून माझ्याजवळ आले. "गेलं ना सगळं?"

"नाही गेलं." आणि खरंच गेलं नव्हतं. आमच्याकडं काम करायचं तर लाइट जाणार हे धरूनच करावं लागतं. आहेराचे मी दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून एकामागं एक लावले होते. गेला तो फक्त चालू तुकडा. वीस मिनिटांनी लाइट आली, मी वरात दोन मिनिटं थांबवून टीव्ही परत डब्याला जोडला आणि उरलेलं सुरू केलं. तेवढ्यात एका म्हाताऱ्यानं काळ्या खिडकीतले पळते आकडे पाहिले आणि विचारलं, "हे का मोजून राह्यली वं?" मी म्हटलं, "तुमालेच मोजून राह्यली बाबाजी." तो खूश झाला.

सव्वाचारला आहेर झाला. जोडून, पेन ड्राइव्हवर घेऊन टीव्हीत लावेपर्यंत साडेचार. माइकवर पहिलं नाव आलं आणि त्या नावाचा माणूस पडद्यावर आला, स्वच्छ, मिशीचा केस न् केस. अंगणात जो गलका झाला तो मी इथं लिहू शकत नाही. आत्याबाईंचा नंबर चौथा होता. त्या गुंड घेऊन आल्या, नवरीच्या गालाला हात लावला, आणि कॅमेऱ्याकडं बघून उगाच रागावल्यासारखं तोंड केलं.

"हां. हे मी होय," आत्याबाई म्हणाल्या, आणि सूप घ्यायला आत गेल्या.

मी नवरीच्या बापाला विचारलं, सगळ्यांसमोर, बडे अब्बा ऐकतील असं. "भाऊ, काही तक्रार?"

"कायची तक्रार जी? अजून मायी लहानी पोरगी हाये लग्नाची. तुमीच यायचं."

बडे अब्बांनी मान हलवली. नवरीचा बाप रस्त्यावर उभा राहिला आणि हात आडवा करून त्यानं पावणेपाचची एसटी थांबवली. मी डबा मांडीवर घेतला. तो अजून गरम होता. मी जिंकले होते, आणि मला ते लपवता येत नव्हतं. मी खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक म्हशीकडं बघून हसत होते.

राजुरा मागं पडल्यावर बडे अब्बा बोलले.

"काम चांगलं केलंस. पण चाबी उद्या सकाळी दे. खोली मी मोबाइल कव्हरवाल्याला दिली आहे."

"कधी?"

"रमजानच्या आधीच."

म्हणजे मला शब्द दिला त्याच्या कितीतरी आधी. मी विचारलं, मग शब्द कशाला दिला? ते शांतपणे म्हणाले, लोकांची कामं अडकली होती, घराचं नाव खराब होत होतं, असं सांगितलं नसतं तर तू हातपाय हलवले नसतेस. मग खिडकीची काच सरकवत म्हणाले, "माझ्यावर चिडू नको. तुझ्या बापाला विचार. त्यानंच हो म्हटलं."

चंद्रपूरला गाडी बदलली, भद्रावतीला उतरलो. डबा घरी नेऊन पुढच्या खोलीत ठेवला. अब्बा पलंगावर बसलेले होते.

"चाललं का?" त्यांनी विचारलं.

"चाललं. तुम्ही खोलीला हो म्हटलं होतं?"

त्यांनी पलंगाची कड चाचपली. मग म्हणाले, "तुझं लग्न होईल बेटा. तू जाशील. मला दिसत नाही. मी कोणाच्या भरवशावर भावाशी भांडू?"

"माझ्या!" मी इतक्या जोरात ओरडले की अम्मी स्वयंपाकघरातून धावत आली. "माझ्या भरवशावर भांडायचं होतं. दोन वर्षं मी वरातीपुढं उलटी चालते, ती काय हौस म्हणून? तुम्हाला दिसत नाही, पण लोक तुम्हाला सांगत नव्हते का? तुम्ही विचारलंत का कोणाला?" मी रडले, आणि रडत रडतच चाबी त्यांच्या हातात ठेवली. "तुम्ही हो म्हटलं, तुम्हीच द्या. मी देणार नाही."

सकाळी बडे अब्बा आले. अब्बांनी उशीखालून चाबी काढून त्यांच्या हातात दिली. मी बघत होते. मला वाटलं होतं अब्बा शेवटच्या क्षणी हात मागं घेतील. त्यांनी घेतला नाही.

तोवर मी पुढच्या खोलीतली शिलाई मशीन सरकवून बस स्टँडच्या रस्त्याकडच्या खिडकीत डबा मांडला होता. बडे अब्बा दारातच थांबले. म्हणाले, "हे दुकानाचं सामान आहे."

"खोली तुमची होती, ती मिळाली. डबा अब्बांचा आहे आणि त्यातली चिप मी शोधून काढली आहे. हात लावून दाखवा."

त्यांनी अब्बांकडं पाहिलं. अब्बा तोंड खाली घालून बसले होते. मग बडे अब्बा चपला घालून निघून गेले, आणि मी रंगाची डबी आणि ब्रश घेऊन बाहेर आले. घराच्या भिंतीवर, खिडकीच्या वर, पहिलं अक्षर काढलं. लग्नाचे व्हिडिओ, एवढंच लिहायचं होतं. शेजारच्या बाया बघायला उभ्या राहिल्या. अक्षर वाकडं आलं.

आतून पलंग करकरला. भिंतीला हात लावत लावत अब्बा दारापर्यंत आले, रंगाचा वास घेतला आणि विचारलं, "काय लिहून राह्यली?"

मी सांगितलं.

"किती मोठं?"

मी त्यांचा हात धरून भिंतीवर ठेवला आणि अक्षराच्या उंचीएवढा सरकवला. त्यांची बोटं लाल झाली.

"हे तं घरातल्या घरात वाचायचं झालं," अब्बा म्हणाले. "पूस ते. अन् मोठं काढ. बस स्टँडवरून दिसलं पाहिजे."